वकीलबाईंची फी

कोर्टाच्या पायऱ्या उतरून गोजरा फाटकापर्यंत गेली आणि तशीच पायरीवर बसलेल्या वाडीतल्या बायकांजवळ परत आली. सुधीरला सात वर्षांची शिक्षा झाली होती, पोलिसांची गाडी त्याला घेऊन निघूनही गेली होती, तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

जासईमागच्या डोंगराखाली तिची कातकऱ्यांची वाडी. सुधीर खारघरहून दर रविवारी तिथे यायचा, पोरांना शिकवायचा, कुणी आजारी पडलं तर आपल्या गाडीतून दवाखान्यात न्यायचा. रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळाला, तेव्हा तो आपल्या योजनेत गुंतवा, दुप्पट होईल, असं त्यानेच सांगितलं. पहिला अंगठा गोजराने उठवला. तिचं बघून बाकीच्या बायकांनी. पैसे बुडाल्यावर कुणी तिला बोल लावला नाही. पाणवठ्यावर ती आली की चाललेलं बोलणं तेवढं थांबायचं.

प्राची वकील बाहेर आली. खटला उभा राहिल्यापासून वाडीसाठी तीच धावपळ करत होती. आता सुधीरच्या फ्लॅटचा लिलाव होईल, त्यातला वाटा मिळायला प्रत्येकीचा अर्ज लागेल, अंगठे आजच देऊन टाका, पुढचं मी बघते, असं म्हणत तिने शाईचा पॅड उघडला.

कुणी पुढे सरकलं नाही. सगळ्या गोजराकडे बघत राहिल्या.

गोजराने हात पदराखाली घेतला.

"ताई, यात तुमाला काय मिलनार?"

प्राचीने चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत घातला.

"काही नाही, गोजराबाई. आजवर मी काही घेतलंय का?"

"सुदीरभाऊ बी काय घेत नव्हता." गोजराच्या आवाजात राग नव्हता. "चहा दिला तरी नको म्हनायचा."

प्राचीचा चेहरा उतरला. ती जायला वळलीही. मग थांबली, पॅड मिटून पर्समध्ये टाकला आणि बायकांमध्ये पायरीवर बसली.

"माणशी दोनशे रुपये," ती म्हणाली. "माझी फी. आधी अर्ज वाचून दाखवीन."

बायकांत कुजबुज सुरू झाली.

"शंभर," गोजरा म्हणाली.

"दीडशे."

गोजराने बायकांकडे पाहिलं. एकीने मान हलवली. दुसरी कनवटीची गाठ सोडू लागली.

"वाचा," गोजरा म्हणाली. "सावकाश वाचा."