डाव्या कानाने पाहिलेली तीन लग्नं

मी कुडी बोलतेय. मोत्यांची, सात दाण्यांची, डाव्या कानातली. उजव्या कानात माझी जुळी बहीण असते, पण आम्हा दोघींच्या मध्ये सुनंदाबाईंचं सबंध डोकं येतं. त्यामुळे मी जे सांगतेय ते एकाच बाजूचं आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म साताऱ्याचा. सोनाराने सोन्याच्या तारेत मोती ओवले, मागे फिरकी बसवली आणि मला सुनंदाबाईंच्या लग्नासाठी पाठवून दिलं. ते मी पाहिलेलं पहिलं लग्न. नवरी इतकी हसत होती की गाल वर चढायचे आणि मी त्यांच्यावर टेकायचे. मग नवऱ्याच्या, म्हणजे पुरुषोत्तमरावांच्या, कारखान्यातल्या नोकरीपायी आम्ही मद्रासला आलो. सुनंदाबाई बँकेत लागल्या, अण्णा नगरात घर झालं, पुढे मद्रासचं चेन्नई झालं. शेजारच्या धनलक्ष्मी मामींनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सुनंदा मामी, कानात हे मक्याचे दाणे कशाला? हिरे घ्या, हिरे!" मामींच्या कानात हिरेच असतात. दिसायला बरे आहेत. गप्पांना मात्र अगदीच कोरडे.

इकडे एक छान रीत आहे. नवरा साठ वर्षांचा झाला की त्याचं त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावतात. पुरुषोत्तमराव साठीला आले तसा मामींनी आग्रह धरला, आणि तेही हुरळले. साडी घ्यायला दोघं दुकानात गेली. पुरुषोत्तमराव सुनंदाबाईंपेक्षा आठ वर्षांनी मोठे, पण केसांना न चुकता कलप. दुकानदाराने त्यांना अदबीने विचारलं, "सर, थोरल्या बहिणीसाठी बघताय का?"

पुरुषोत्तमराव घरी येईपर्यंत हसत होते. सुनंदाबाई हसल्या नाहीत. त्या रात्रीपासून त्यांना आरशासमोर दोन बोटांनी गाल मागे ओढून बघायची सवय लागली. बोट दर वेळी मलाच लागायचं.

मग बँकेतून रजा निघाली. घरी सांगितलं, "पुण्याला रुचिराकडे जाऊन येते." रुचिरा ही त्यांची धाकटी बहीण, आणि सुरकुतलेला चेहरा ओढून नीट करणाऱ्या पुण्यातल्या डॉक्टरांचा पत्ताही तिचाच. डॉक्टर म्हणाले, सूज उतरून चेहरा सैलावायला दीडेक महिना लागेल. सुनंदाबाईंनी हिशेब नीट केला होता. पण केला तो आपल्या पंचांगाने, नवऱ्याच्या जन्मतिथीवर! त्या वर्षी आला अधिक महिना, त्यामुळे आपली तिथी गेली चांगली लांब. लग्न लावणार होते मामींचे वाध्यार, म्हणजे इकडचे भटजी. त्यांचे महिने सूर्यावर चालतात, त्यांना अधिक महिन्याचं सुतक नाही. त्यांनी जन्मनक्षत्र पाहून मुहूर्त काढला तो जवळजवळ महिनाभर आधीचा.

पुण्याला फोन आला तेव्हा सुनंदाबाईंच्या डोक्याला पट्टी होती आणि मी कुंकवाच्या करंड्यात पडले होते.

"इतकी घाई कशाला? पुढे ढकला ना!" सुनंदाबाई फोनवर म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पण हॉल ठरला होता, केळीची पानंसुद्धा सांगून झाली होती. शेवटी त्या तशाच परतल्या. गाल का सुजलेत, तर म्हणे अक्कलदाढ काढली.

ते दुसरं लग्न. पुरुषोत्तमरावांनी मंगळसूत्र बांधलं. मामींनी डोळे पुसले. आमच्या नवरीचा चेहरा मात्र कडक इस्त्रीचा. हसू नाही, रडू नाही. माझ्या कानाची पाळी तर टाक्यांनी अशी खाली ओढली गेली होती की सगळं लग्न मी मान खाली घालून पाहिलं. त्या क्षणाचा मोठा फोटो घरच्या हॉलमध्ये लागला.

सूज उतरल्यावर चेहरा खरंच सुरेख झाला, खोटं कशाला बोलू? बाई आरशात बघून गुणगुणायच्या. मामी सगळ्या गल्लीला सांगत, "पुण्याची हवाच तशी!" त्यांनी आपल्या भाचीलाही हवापालटासाठी पुण्याला पाठवली. ती गेली तशीच परत आली.

वीस वर्षं गेली. ओढून बसवलेलं सगळं हळूहळू आपल्या मूळ जागी उतरलं. पुरुषोत्तमराव ऐंशीचे झाले. ऐंशीला इकडे पुन्हा लग्न! बोट पुन्हा मला लागायला लागलं.

या वेळी पुण्याला जायची गरज नव्हती. गल्लीच्या टोकालाच डॉक्टर रम्यांचं क्लिनिक. मुलगी तरुण, पण स्पष्ट बोलणारी. "अम्मा, दुसऱ्यांदा करता येतं. पण तुम्ही बहात्तरच्या आहात, रक्तदाब आहे, कातडी पातळ झालीय. विचार करून सांगा." सुनंदाबाईंनी विचार केला तो जिना उतरेपर्यंत. परत वर जाऊन तारीख घेतली. मुहूर्ताच्या तीन महिने आधीची, आणि या खेपेला दोन्ही पंचांगं पाहून!

सगळं जुळलं होतं. आणि नवरदेवच अडला.

मामी मुहूर्त सांगायला आल्या होत्या. पुरुषोत्तमराव चहाचा पेला खाली ठेवून म्हणाले, "मला नाही करायचं लग्न."

"अय्यो! ऐंशीव्या वर्षी नवरदेव रुसला?"

"रुसलो नाही, मामी." त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "तो चेहरा बघा. वीस वर्षं मी रोज चहा पिताना बघतोय. मी मंगळसूत्र बांधतोय, आणि ही बघा कशी बसलीय. पुढे ढकला, पुढे ढकला म्हणून फोनवर रडकुंडीला आली होती. मी ऐकलं नाही. तिच्या मनात नव्हतंच ते. आता पुन्हा तिला तसं बसवायचं नाही मला."

इतकी वर्षं हा माणूस हे घेऊन चहा पीत होता, आणि आम्ही इथे आरशात गाल मोजत होतो!

सुनंदाबाई गप्प राहिल्या तर गुपित शाबूत, तारीख शाबूत, फक्त नवरदेव नाही. मग त्यांचा हात वर आला. त्यांनी माझी फिरकी काढली, मला टीपॉयवर ठेवलं आणि कान पुढे दुमडला.

"अहो, चष्मा लावा आणि इथे बघा."

"हे काय? कुठे पडली होतीस?"

"टाक्यांची खूण आहे. चेहरा ओढून घेतला होता, पुण्याला. तुमच्या लग्नासाठी. तुम्ही मुहूर्त आधी आणलात." त्यांचा आवाज फुटला. "मी रागावले नव्हते हो! हसले असते तर उसवले असते."

पुरुषोत्तमरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मग अक्कलदाढ?"

"आहे तिथेच आहे."

"म्हणजे हवा नव्हती?" मामी ओरडल्या. "माझ्या भाचीचं रेल्वेचं भाडं गेलं!"

"पण का, सुनंदा?"

"दुकानदार मला तुमची थोरली बहीण म्हणाला. आणि तुम्ही घरापर्यंत हसत आलात."

पुरुषोत्तमरावांनी मला टीपॉयवरून उचललं, आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. बायकोच्या कानात कुडी घालायला गेले. दोनदा टोचली, तिसऱ्यांदा बसली. म्हणाले, "तुला करायचं असेल तर खुशाल कर. पण या वेळी लग्नाआधी नको, नंतर कर. लग्नात मला हसणारी बायको हवी."

तिसरं लग्न गेल्या महिन्यात झालं. ऐंशीच्या लग्नात नवरा-बायकोला शेजारी बसवून कलशांनी न्हाऊ घालतात. पुरुषोत्तमरावांनी सकाळी घाईघाईने कलप लावला होता, धुवायचा राहिला. पहिला कलश ओतला आणि कपाळावरून काळा ओघळ निघाला. दुसरा ओतला, मिशी काळी झाली. तिसऱ्याला पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, कामातून गेली.

सुनंदाबाईंनी एकदा बघितलं आणि त्या फुटल्याच. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. सगळ्या सुरकुत्या एकदम कामाला लागल्या, गाल वर चढले, आणि ती ओढलेली पाळी असूनही मी पुन्हा गालावर टेकले. साताऱ्यानंतर पहिल्यांदा! फोटोवाल्याने नेमकं तेच टिपलं. आता हॉलमध्ये तो फोटो आहे.

डॉक्टर रम्यांकडून अधूनमधून फोन येतो. सुनंदाबाई तारीख घेत नाहीत आणि नकोही म्हणत नाहीत. "बघू," म्हणतात, आणि दोन बोटांनी गाल मागे ओढतात. त्यांचा चेहरा आहे, त्यांनी ठरवावं. मी कोण सांगणारी?

पण डॉक्टरबाई, ही वेळ आलीच तर या म्हाताऱ्या कुडीचं एवढं ऐका. कपाळ घ्या, हनुवटी घ्या, मान तर जरूर घ्या. ती हसते तेव्हा मला वर उचलतो, तेवढा गाल मात्र राहू द्या.