चालवणार कोण

गाडी दातांच्या डॉक्टरांची होती. मुलं शिकायला लांब गेली, सात जणांच्या गाडीत आता आम्ही दोघं आणि एक छत्री फिरतो, म्हणून विकायची आहे, असं ते फोनवर म्हणाले होते. बाबांच्या जावयाने महिनाभर त्या मॉडेलचा असा काही अभ्यास केला होता की लेकीने त्याला ऐकवलं, "एवढी चौकशी माझ्याबद्दल केली असतीस, तर लग्नच झालं नसतं."

त्या दिवशी बाबा गाडी बघायला इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. अख्खी नोकरी त्यांनी शहरातली बस चालवली होती. लेकीची आई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले आणि भाजी निवडणं, बेल वाजली की दार उघडणं एवढंच काम त्यांच्या वाट्याला उरलं. लेक ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स. उजाडायच्या आत तिला हजर व्हावं लागे. मुलांची शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला. जावयाची नजर इतकी अधू की त्याला परवाना मिळालाच नव्हता. लेकीकडे परवाना होता, पण हात बसलेला नव्हता; ड्रायव्हरच्या मुलीला गाडी चालवायची गरज कधी पडलीच नाही. तेव्हा गाडी बाबांनी चालवायची, असं ठरल्यासारखं होतं. नक्की ठरलं नव्हतं. गेले काही दिवस बाबा चहाचा कप उचलू लागले की लेक त्यांच्या बोटांकडे बघते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तपासायची होती गाडी, पण परीक्षा आपली होती.

डॉक्टरांच्या अंगणात त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, टायरच्या कडा बोटाने चाचपल्या, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकून पाहिलं. आत कातडी सीट, वर काचेचं छत. मागची दोन आसनं उघडून, दुमडून झाली. जावई समजावत होता, की ही माइल्ड हायब्रिड आहे, इंजिन पेट्रोलचंच, पण जोडीला छोटी बॅटरी, ब्रेक मारला की ती भरते आणि निघताना इंजिनाला हात देते, आणि असं बरंच काही. बाबा "हो हो" म्हणत होते. डेपोत नवे इंजिनिअर आले की ते असंच म्हणत. त्यांचं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे होतं. आवाज स्वच्छ होता.

मग ते चालवायला बसले. शेजारी डॉक्टर, मागे लेक आणि जावई. गल्लीतून गाडी अशी निघाली की डॉक्टरांनी मान डोलावली. बाबांना कितीतरी दिवसांनी पाठ ताठ झाल्यासारखी वाटली. चौकात लाल दिवा लागला. त्यांनी गाडी अलगद थांबवली, आणि इंजिन गप्प झालं.

पुढचं सगळं सवयीच्या हातांनीच केलं. हँडब्रेक लावला, चारी दिवे लुकलुकते केले आणि मागे वळून ते बसमधल्या आवाजात म्हणाले, "गाडी बंद पडली आहे. धक्काबुक्की न करता खाली उतरा." त्या आवाजाला एक वजन होतं. ते स्वतः खाली उतरले, मागचं दार उघडून धरलं, आणि दोन माणसं निमूटपणे उतरून फुटपाथवर उभी राहिली. इतकंच काय, स्वतःच्याच गाडीतून डॉक्टरही उतरले.

दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. डॉक्टरांना तेव्हा कुठे भान आलं. "अहो काका, ती बंद नाही पडली. थांबलं की ती इंजिन बंद करते, ब्रेक सोडला की पुन्हा सुरू. पेट्रोल वाचतं."

जावई चष्मा पुसू लागला. त्याने हे घरी सांगितलं होतं, अंगणातही सांगितलं होतं, पण तसं म्हणायचा त्याला धीर झाला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं बाबांना वाटलं. त्यांनी डॉक्टरांना चालवायला सांगितलं आणि सगळ्यात मागच्या सीटवर जाऊन बसले. गुडघे हनुवटीला लागत होते.

डॉक्टरांच्या घरी परत पोचल्यावर त्यांनी लेकीला बाजूला घेतलं. हळू बोलत होते, पण बाबांचे कान शाबूत होते. या वयात इतकी नवी यंत्रणा झेपत नाही, वडिलांसाठी साधी गाडी बघा, असा त्यांचा सूर होता.

लेक म्हणाली, "डॉक्टर, गाडी बंद पडलीय असं वाटल्यावर त्यांनी आधी माणसं बाहेर काढली. आमच्या थिएटरमध्ये लाइट गेला तर मला असाच माणूस शेजारी हवा असतो. गाडी आम्ही घेतोय, आणि तेच चालवणार."

जावयाने सुटकेचा निःश्वास सोडला. आता गप्प राहिलं की झालं, हे बाबांना कळत होतं. किल्ली आपल्याकडेच येत होती.

"थांब," ते म्हणाले. "मी तुझं दार उघडलं तेव्हा मागे पाहिलं नव्हतं. एक सायकलवाली अगदी दाराजवळ येऊन थांबली. तिने ब्रेक दाबला म्हणून निभावलं. तुम्ही कोणी पाहिलं नाहीत. मी पाहिलं."

"घाईत होतं असं कधी, बाबा."

"माझं कधीच झालं नाही. बंद पडण्याचं सोड, ते मी उद्या शिकेन. पण मागे न बघता दार उघडणारा ड्रायव्हर असता, तर मी त्याला मुलं नेऊ दिली नसती."

लेकीने त्यांच्याकडे तसंच पाहिलं, जसं रोज कप धरलेल्या बोटांकडे पाहायची, आणि या वेळी बाबांनी नजर चुकवली नाही.

"मग गाडीचं काय?" जावयाने विचारलं.

"गाडी उत्तम आहे, जावईबापू. घ्या. मुलांना शाळेत मी बसने पोचवीन, गाडी हिला चालवू दे. मी शेजारी बसेन."

"मला भीती वाटते," लेक म्हणाली.

"वाटू दे. मला आज वाटायला हवी होती."

डॉक्टर किल्ली घेऊन उभे होते, कोणाला द्यावी या विचारात. सवयीने बाबांचा हात पुढे झाला. तो त्यांनी खिशात घातला आणि ते गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी जाऊन उभे राहिले.