टॉर्क्विलचा वासाचा पेला

मी एक काचेचा पेला. पोट फुगलेला, तोंड अरुंद. आयला नावाच्या बेटावरच्या एका दारूभट्टीत माझं आयुष्य गेलं, पण माझ्यातून कुणी कधी पोटभर प्यायलं नाही. मी फक्त वास घेण्यासाठी.

आमच्याकडे दलदलीतलं पीट, म्हणजे जळाऊ माती, विटांसारखं कापून वाळवतात आणि त्याच्या धुरावर जव सुकवतात. तो धूर व्हिस्कीत वर्षानुवर्षं मुरतो. पिंप उघडायचं की आणखी ठेवायचं, हे भट्टीचा पारखी टॉर्क्विल ठरवायचा. तो माझ्यात बोटभर ओतायचा, थोडं पाणी घालायचा आणि नाक आत घालून डोळे मिटायचा. "ओली दोरी," म्हणायचा. "खारवलेला मासा. विझलेली चूल." एकोणीस वर्षं त्याचा शब्द शेवटचा होता.

मागच्या हिवाळ्यात तो तापानं पडला. उठला तेव्हा नाकाला वासच नव्हता. हे मला एकट्याला ठाऊक, कारण तो माझ्यात तीन-तीनदा नाक घालायचा. लोकांपुढे मात्र जुनेच शब्द आठवून बोलायचा.

मग एक दिवस नाकात काहीतरी झोंबलं. धूर परत आला, असं त्याला वाटलं. किती हरखला बिचारा! ती नुसती दारूची झणझण होती.

वर्षातून एक आठवडा आम्ही बिनधुराचीही व्हिस्की गाळतो. त्याची पुतणी मार्सली तसल्या पिंपातला नमुना घेऊन आली. पिंप कोणतं, हे आधी सांगायचं नाही अशी रीत.

"काय काका, झालंय का तयार?"

"धूर बघ कसा मुरलाय. आजीच्या चुलीसारखा."

मार्सली हसली. "सकाळी सकाळी माझी फिरकी घेताय?"

"फिरकी कसली? लिही, तयार."

तिचं हसू मावळलं. तिनं मला उचलून स्वतः वास घेतला. "काका, यात धूर नाहीच. हे बिनधुराचं आहे." मग हळूच म्हणाली, "कधीपासून?"

"तापापासून."

"आणि तेव्हापासून तुम्ही पास केलेली पिंपं?"

ती सगळी बाटल्यांत भरून बोटीनं गेली होती.

आता मार्सली वास घेते, तिच्या स्वतःच्या पेल्यात. मी खिडकीत उपडा पडलेला. टॉर्क्विल रोज येतो, मला सुलटा करतो आणि रिकाम्या माझ्यात नाक घालून थांबतो. त्याच्या श्वासानं मी आतून धूसर होतो. मग तो मला पुसतो आणि पुन्हा ठेवतो.

कुणीतरी मला फोडून टाका हो. मी समोर आहे तोवर तो येतच राहील.