एका तारखेखालच्या दोन ओळी

रोज तोंडाला पांढरं फासून घेतो आणि तरी काळाच राहतो, असा मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, हसा खुशाल. पण माझं ऐकल्याशिवाय जाऊ नका.

माझा जन्म सागाच्या फळ्यांतून झाला, निजामाच्या राजवटीत. औरंगाबादच्या एका शाळेत मला टांगलं, तेव्हा खडू माझ्या अंगावरून उजवीकडून डावीकडे चालायचा, कारण शिकवणं उर्दूत होतं. अठ्ठेचाळीस साली भारताच्या फौजेची पोलीस ॲक्शन झाली, राजवट गेली, शाळा मराठी झाली आणि खडू डावीकडून उजवीकडे चालू लागला. मला काय, दोन्हीकडून गुदगुल्याच व्हायच्या.

पुढं मला व्हरांड्यात आणून माझ्या डोक्यावर 'दिनविशेष' असं रंगवलं. माझा भाव वधारला. दर शनिवारी पोरं जुन्या सेलमधला काळा भुगा आणि माक्याचा पाला वाटून मला चोपडायची, की मी नवऱ्या मुलासारखा तजेलदार. नऊ ऑगस्टला क्रांतिकारकांनी लुटलेली काकोरीची आगगाडी आणि चले जाव एकाच तारखेखाली शेजारी बसायचे. वर्षं वेगळी, माणसं वेगळी, पण मी सगळ्यांना जागा दिली.

रोज लिहायचे ते कय्युम मास्तर. हिमरू शाली विणणाऱ्याच्या घरातला हा माणूस, अक्षर मोत्यासारखं. पण सतरा सप्टेंबर, मराठवाडा मुक्तीचा दिवस, आला की ते मुकाट्यानं खडू काकासाहेब गुरुजींच्या हातात द्यायचे. काकासाहेबांनी पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीसला इथं तिरंगा लावला आणि तुरुंगात गेले. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी आपल्याकडे झेंडा लावणं गुन्हा होता! मुक्तीची ओळ त्यांनीच लिहावी, हे सगळ्यांना रास्त वाटे. कय्युम मास्तरांचे वडील त्याच मुक्तीच्या धामधुमीत, सूडाच्या दंगली पेटल्या असताना, आपल्या भावाला आणायला वैजापूरच्या वाटेला लागले आणि घरी परतलेच नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर मात्र कुणी बोलत नसे.

मुक्तीला पंचवीस वर्षं झाली त्या साली कय्युम मास्तरांनी खडू सोडला नाही. यंदा मीच लिहिणार, म्हणाले. हेडमास्तरीण द्वारकाबाई हवालदिल झाल्या. झेंडावंदनाला पाहुणे यायचे होते. भलतंसलतं लिहिलं गेलं तर मास्तरांची नोकरी जाईल, शाळेचं नाव जाईल. मास्तर, राहू द्या, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं.

मास्तर शांतपणे म्हणाले, "बाई, ही मुक्ती माझी बी हाय. आन् अब्बा बी माझेच हायेत."

सकाळी पोरं रांगेत उभी होती. मास्तरांनी खडू उचलला आणि त्यांचा हात थेट माझ्या उजव्या कोपऱ्याकडे गेला. लहानपणी ते माझ्यावरच उर्दू गिरवायला शिकले होते ना! रांगेत खसखस पिकली. मास्तरांचे कान लाल झाले. माझा जीव कासावीस झाला, पण फळा काय करणार?

काकासाहेब मागून पुढं आले. "असू द्या, मास्तर. जीव घाबरा झाला की माझा बी हात तिकडंच जातो. आपुन दोघं याच फळ्यावर शिकलो."

मास्तरांनी डावीकडे येऊन ठाशीव अक्षरात लिहिलं: 'हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. मराठवाडा मुक्त झाला.' आणि दुसऱ्या ओळीवर त्यांचा हात थांबला. पुढं सरकेना. पाहुण्यांची जीप फाटकाशी आली होती. द्वारकाबाई डस्टर घेऊन उभ्या होत्या.

तेव्हा काकासाहेबांनी मास्तरांच्या बोटांतून खडू घेतला आणि त्याच तारखेखाली स्वतःच्या हातानं लिहिलं: 'याच दिवसांत जी निरपराध माणसं घरी परतली नाहीत, त्यांचीही ही तारीख.'

द्वारकाबाईंनी दोन्ही ओळी वाचल्या आणि डस्टर मागं लपवलं. पाहुण्यांनीही वाचलं. काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या, नाही असं नाही. पण झेंडा वर गेला तेव्हा दोघे गुरुजी शेजारी शेजारी उभे होते आणि दोघांच्या बोटांना एकाच खडूची पूड होती. त्यानंतर दोघं नोकरीत होते तोवर दरवर्षी दोन्ही ओळी माझ्यावर उमटल्या.

आता भिंतीवर विजेचा पडदा आला आहे. त्यावर तारीख आपोआप बदलते. मी जिन्याखाली मोडक्या बाकांसोबत पडून आहे, अंगाचे पोपडे निघालेत. रडत नाही हं, साग आहे मी! फक्त एवढं करा, मित्रांनो. एखाद्या शनिवारी मला बाहेर काढा, माक्याचा पाला चोळा, तारीख लिहा, तिच्याखाली तुमची ओळ लिहा. आणि खाली जागा सोडा. शेजारचा माणूस हातात खडू घेऊन केव्हाचा उभा असतो.