खंडेनवमीले पाडलेला मेन

माहा पारा लवकर चढते, हे घरापासून लॅबपर्यंत सगळ्याईले माहीत. त्या दिवशीही चढला.

काचेच्या एका तुकड्यावर लेसरनं केसाहून बारीक रेघा कोरल्या होत्या. तो बाटलीतल्या जस्ताच्या द्रावणात बुडवून ओव्हनमधी नव्वद अंशावर सहा तास ठेवायचा. मंग त्या रेघांवर अर्धवाहकाच्या काड्या उगवतात, डोळ्याले न दिसणाऱ्या. तुकडा शेवटचाच होता. लेसर बिघडून पुण्याले गेलतं, आन् प्रबंध पंधरा दिवसांत द्यायचा. म्हणून सुट्टी असूनही म्या सकाळी आठलेच ओव्हन लावला.

दहाले नालवाडीचा कैलास झेंडूचे हार आन् हळद-कुंकू घेऊन आला. आमचा लॅब अटेंडंट, दोन पोरींचा बाप, नोकरी करारावरची. "मोहिनीताई, आज खंडेनवमी. पूजेनंतर यंत्र चालवत नाईत. मेन स्विच पाडून सगळं बंद करू ना?"

मी लॅपटॉपवर आलेख काढून राह्यली होती. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं तशी भडकली.

"पाड बाप्पा मेन, पण माहं डोकं नको खाऊ!"

लॅपटॉप बॅटरीवर चालून राह्यला होता, म्हणून काही समजलंच नाई. एक वाजता ओव्हनजवळ गेली. दिवा विझलेला, दारावर कुंकवाचं बोट. आतली बाटली पार गार. अवं माय! तळाशी पांढरी भुकटी बसलेली, काचेवरही तीच. चार वर्षं पाण्यात!

तेवढ्यात माहे गाईड प्रफुल सर आत आले. त्याईच्या सहीबिगर माहा प्रबंध पुढं सरकत नाई, आन् चुकीले त्याईच्याजवळ माफी नाई. बाटली पाहून त्याईचा चेहराच बदलला.

"मेन कोणी पाडला?"

कैलासनं माह्याकडं पाह्यलं. मले सांगायचं होतं का म्याच सांगतलं त्याले. खरंच सांगायचं होतं. पण इतकं भेव वाटलं, का तोंडातून निघालं ते एवढंच.

"कैलासनं."

"हो सर," तो म्हणाला, "माह्याच हातानं पाडला."

"उद्यापासून येऊ नको."

त्यानं हळद-कुंकवाचं ताट टेबलावर ठेवलं. जाता जाता माह्याजवळ थांबला.

"ताई, काच आत्ताच धुवा. वाळली तं भुकटी चिपकते. खाली काही उगवलं असन तं तेवढं तरी वाचन."

म्या तोंड उघडलं. सर दारातच उभे होते.

मी काच धुवाले घेतली.