मर्नाची चाल

शनिवारी दुपारी एक वाजता मला फोन करायचा नाही, हे आमच्या हार्विग गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मिनियापोलिसच्या एका छोट्या चॅनलवर तेव्हा ‘भंगार मॅटिनी’ लागायची. गॅरेजातल्या फाटक्या सोफ्यावर तिघं जण बसायचे, कुणालाच आठवत नसलेला एखादा टुकार सिनेमा लावायचे आणि शेवटपर्यंत त्याची टिंगल करत राहायचे. बस, एवढंच. पण घटस्फोटानंतरच्या दोन हिवाळ्यांत मी आठवडाभरात हसायचे ती तेवढ्याच वेळात. प्रत्येक भाग मी टेप करायचे. विस्कॉन्सिनपासून ओरेगनपर्यंत अनोळखी माणसांना टेपा पोस्टाने पाठवायचे, त्यांच्याकडच्या मागवायचे. कधी न पाहिलेली ती माणसं मला घरच्यांपेक्षा जवळची वाटायची.

शेजारी ऑर्विल टॅनबर्ग राहायचे. गावातलं हार्डवेअरचं दुकान त्यांचं. एकोणीसशे एकोणसाठ साली या माणसाने सगळ्या गावाला कामाला लावून एक सिनेमा काढला होता. तळ्यातून राक्षस बाहेर येतो आणि मास्तरणीला पळवून नेतो, अशी गोष्ट. राक्षस म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ लायल, ताडपत्रीत गुंडाळलेले. मास्तरीण म्हणजे ऑर्विलची बायको मर्ना. ड्युलुथ शहरात तीन दिवस चालून सिनेमा उतरला तो उतरलाच. मर्ना सत्त्याऐंशी साली गेली. तेव्हापासून दर फेब्रुवारीत, तिच्या वाढदिवसाला, ऑर्विल तळघरात प्रोजेक्टर लावायचे आणि एकटेच तो सिनेमा बघायचे.

तो ‘भंगार मॅटिनी’ला पाठवायची कल्पना माझी.

“आमचा सिनेमा? टीव्हीवर?” ऑर्विल दुकानातला पाना हातात धरून तसेच उभे राहिले.

“थट्टा करतात हं ते,” मी म्हटलं. “पण प्रेमानं करतात.”

“करू देत की. लायलला ताडपत्रीत बघून मलाच हसू आवरत नाही.” मग पाना फडताळात ठेवत त्यांनी हळूच विचारलं, “पण लोकांना मर्ना दिसेल ना?”

“दिसेल. सगळ्या राज्याला दिसेल.”

त्र्याण्णवच्या मार्चमधल्या एका शनिवारी तो भाग लागला. ऑर्विलनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. लायल यायचे होते, पण बर्फात त्यांची गाडी निघेना. मी कॉफी केली आणि आम्ही दोघंच टीव्हीसमोर बसलो. पहिला अर्धा तास छान गेला. ताडपत्रीवरच्या विनोदांना ऑर्विल मांडीवर थाप मारून हसत होते.

मग मर्ना आली. तळ्यात लांबवर गेलेल्या लाकडी धक्क्यावरून ती एकटी चालत येते. लहानपणी पोलिओ झालेला, त्यामुळे एक पाय ओढायची. ऑर्विलनी कॅमेरा अजिबात हलवला नव्हता. ती अख्खा धक्का चालून येईपर्यंत तो तिच्याकडे बघत राहतो.

सोफ्यावरचा एक जण म्हणाला, “हिचा दुसरा पाय बहुतेक वेगळ्या सिनेमात काम करतोय.”

आणि मी हसले. मोठ्याने. आवरायच्या आत हसू बाहेर पडलं होतं.

पुढे सिनेमा संपेपर्यंत मर्नाने पाऊल उचललं की ते तिघं तोंडाने आवाज काढत होते, “टक्-धप्प, टक्-धप्प.” ऑर्विलनी कॉफीचा कप खाली ठेवला नाही, तोंडालाही लावला नाही. संपल्यावर म्हणाले, “हं. वेगळंच होतं जरा.” आमच्याकडे माणूस एखाद्या गोष्टीला नुसतं ‘वेगळं’ म्हणतो, तेव्हा त्याला त्याहून वाईट बोलणं जमत नसतं.

“ऑर्विल, त्यांना तिच्या पायाचं माहीत नव्हतं हो...”

“तुला माहीत होतं, पोरी.”

त्यांनी उठून माझा कोट आणून दिला.

तो भाग भलताच गाजला. उन्हाळ्यात मिनियापोलिसची पोरं गाड्या भरभरून धक्का बघायला येऊ लागली. पाय ओढत चालायची, एकमेकांचे फोटो काढायची. काही जण ऑर्विलच्या दारावर सही मागायला गेले. त्यांनी सह्या दिल्या. दुसरं काही करणं त्यांना येतच नव्हतं. मी चॅनलला पत्र लिहिलं. त्यांनी मनापासून माफी मागितली, पुन्हा दाखवणार नाही म्हणून कळवलं आणि रिळं परत पाठवली. पण टेपा आम्हा टेपा पाठवणाऱ्यांच्या हातात होत्या. मी सगळ्यांना लिहिलं, हा भाग पुढे देऊ नका. ओरेगनच्या माणसाचं उत्तर आलं: “अगं बाई, विनोद आहे तो. एवढं काय मनाला लावून घेतेस?” खाली त्याने “टक्-धप्प” लिहून सही केली होती.

फेब्रुवारीत मर्नाच्या वाढदिवसाला मी दुपारी केक घेऊन गेले. ऑर्विलनी दार उघडलं, आत ये म्हणाले. प्रोजेक्टर तळघरातून वर आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलेला होता.

“सकाळी लावला होता,” ते म्हणाले. “आवाज बंद करून लावला.”

“मग?”

“ती चालायला लागली आणि मला ते ऐकू आलं.”

मी केक प्रोजेक्टरशेजारी ठेवला.

“सदतीस वर्षं ती या घरात चालली, कॅरिन. मला तिच्या पायाचा आवाज कधी आला नव्हता.” ते माझ्याकडे बघत राहिले. दुकानात गिऱ्हाईक मोडकी वस्तू पुढे ठेवून थांबतं, तसे. “हे जाईल का गं डोक्यातून? तू बघतेस ना असले पुष्कळ. तुझं जातं का?”

माझं जात नव्हतं. सिनेमे विसरायचे आणि विनोद तेवढे राहायचे, म्हणूनच तर मी ते बघत होते. “जाईल,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवल्याची नव्हती ती.

वसंतात त्यांनी घर विकलं आणि ड्युलुथच्या वृद्धाश्रमात राहायला गेले. सिनेमाचं त्यांनी काय केलं, मला कळलं नाही. दर दुसऱ्या रविवारी मी जायचे. ते रस्त्यांची चौकशी करायचे, माझ्यासाठी कॉफी मागवायचे, लिफ्टपर्यंत सोडायला यायचे. तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

ऑक्टोबरात ते गेले. फोन लायलनी केला. चर्चचं नाव सांगितलं, वेळ सांगितली. आमच्याकडे अंत्यविधीनंतरच्या जेवणाला प्रत्येक घरून एकेक पदार्थ येतो.

“जेवणासाठी मी काय घेऊन येऊ?” मी विचारलं.



“काही नको,” लायल म्हणाले. “बाकीच्या बायका बघतील.” आणि फोन ठेवला.