उजेडासाठी युरिया

मी युरियाचा स्फटिक बोलतोय. हो, शेतात टाकतात तोच युरिया. नाक मुरडलंत ना? मुरडा. माझाही तुमच्यावर फारसा विश्वास नाही, म्हणजे फिट्टंफाट.

मला घडवलं निशातनं. अठ्ठ्याण्णवच्या सुमारास ती चंद्रपूरच्या कॉलेजात संशोधन करायची. तिनं शुद्ध युरिया अल्कोहोलमध्ये विरघळवला, भांड्यावर कागद बांधला आणि त्याला बारीक भोकं पाडली. अल्कोहोल सावकाश उडत गेलं आणि मी तळाशी वाढत गेलो. रोज ती वाकून बघायची. मला वाटे, ही माझ्यावर एवढी पाळत का ठेवते?

पुढे कळलं. डोळ्यांना न दिसणारा उजेड माझ्यात सोडला की पलीकडून तो हिरवा होऊन निघतो. टेलिफोनवरचं बोलणं काचेच्या तारांतून वाहून नेणाऱ्या उजेडाला वळवायला, बदलायला माझ्यासारखे खडे कामी येतील, असं ती सांगायची. ऐकायला बरं वाटलं, पण उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवणाऱ्यांपासून मी चार हात दूरच असतो.

मे महिन्यात प्रयोगशाळा बंद झाली. हवेतला ओलावा लागू नये म्हणून निशातनं मला तेलाच्या बाटलीत घातलं आणि उरलेल्या युरियाच्या डब्यासकट जंगलाकाठच्या मोहर्लीला घरी आणलं. तिच्या अब्बांचं, लियाकतभाऊंचं, तिथे पंक्चरचं दुकान होतं. त्याच आठवड्यात जंगलातल्या पाणवठ्यावर दोन चितळं मरून पडली. उन्हाळ्यात शिकारी पाण्यात युरिया कालवतात. तहानलेलं जनावर पितं आणि कोसळतं. वनरक्षक मुखरू घरोघर झडती घेत आमच्याकडे आला.

डब्यातली चिमूट त्यानं जिभेवर ठेवली. "थंड लागते. युरियाच हाय."

"युरियाच हाय, भाऊ," निशात म्हणाली.

"लियाकतभाऊ, तुमच्याजवळ वावर नाई, धानाची बांदी नाई. मंग युरिया काऊन?"

"पोरीचा हाय. उजेडासाठी."

"उजेडासाठी? मले येडा समजून राह्यले का?"

त्याचा काय दोष? खरं असूनही ते मलाच थाप वाटलं. त्यानं लियाकतभाऊंना वनखात्याच्या नाक्यावर नेऊन बसवलं. कालपर्यंत दुकानात बसून चहा पिणारे आता समोरून मान फिरवून जाऊ लागले. निशातला रडू आवरेना. अब्बांना जेलमध्ये टाकलं तर ते माझ्यामुळेच, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

शेवटी ती नाक्यावर गेली. "भाऊ, चंद्रपूरले चाला. डोळ्यानं पाहा. खोटं निघालं तं मलेही बसवा."

कॉलेजातल्या सरांना सांगून तिनं प्रयोगशाळा उघडवली. खिडक्या झाकल्या, मला यंत्रासमोर बसवलं. मुखरू आधी टेबलाखाली वाकून लपवलेला दिवा शोधू लागला. माणूस माझ्याच स्वभावाचा निघाला.

न दिसणारा उजेड सोडणारं ते यंत्र सुरू झालं. भिंत काळीच राहिली. निशातनं मला केसभर फिरवलं. काही नाही. त्या क्षणी मला माझाच संशय आला. तिनं आणखी थोडं फिरवलं आणि भिंतीवर हिरवा ठिपका उमटला.

मुखरूनं माझ्या अलीकडे कागद धरला. कागद कोराच. पलीकडे धरला, तर त्यावर हिरवा ठिपका. दोनदा करून बघितल्यावर तो म्हणाला, "तुह्या अब्बाले घरी घेऊन जा."

दारापर्यंत गेला आणि थांबला. "बाई, पाण्यात युरिया कालवला हाय का नाई, हे ह्या खड्यानं समजल का?"

"नाई, भाऊ."

"मंग मेल्या चितळाले याचा काय उपयोग?"

निशातनं यंत्र बंद केलं. मी मात्र ओशाळलो, कारण त्या पाण्यात होता तो माझाच भाऊबंद.

आता मी कॉलेजच्या कपाटात असतो. पाहुणे आले की मला बाहेर काढतात, हिरवा उजेड दाखवतात, टाळ्या वाजतात. वाजवा. पण त्या उजेडाला भुलू नका. उन्हाळ्यात पाणवठ्याच्या वाटेवर कुणाच्या पिशवीत पांढरे दाणे दिसले, तर तो मीच आहे असं समजा आणि मला हटका.